पार्वताबाई स्मृती व्यायामशाळेचा एकमेव सभासद

कॉलनीच्या सभेत भगवंतरावांनी माझ्या हातात पैशांचं पाकीट ठेवलं तेव्हा माझ्या तोंडात गरम भजं होतं. माझी चूक एवढीच. तोंड रिकामं असतं तर मी "नाही जमणार, काका" म्हणालो असतो, आणि आज माझा उजवा घोटा आणि कॉलनीतली माझी अब्रू दोन्ही शाबूत असते. पण भजं कढईतून नुकतंच निघालेलं होतं, बोलता येईना, म्हणून मी नुसती मान हलवली. ती मान मी भजं थंड व्हावं म्हणून हलवली होती. सगळ्यांनी ती होकाराची धरली.

"गोवर्धन सरायच्या हाती काम देलं म्हणजे मले चिंता नाही," भगवंतराव म्हणाले आणि लोकांनी टाळ्या वाजवल्या. ज्यांच्या अंगावरचं काम टळतं ते लोक टाळ्या फार मनापासून वाजवतात.

भगवंतराव म्हणजे धामणगाव रेल्वे या गावचे जुने कापसाचे अडते. धंदा मुलाच्या हवाली करून नवरा-बायको अमरावतीला, आमच्या वलगाव रोडवरच्या कॉलनीत राहायला आले आणि दोन वर्षांत पार्वताबाई गेल्या. वर्ष होत आलं होतं. त्यांच्या नावानं कॉलनीला काहीतरी द्यायचं म्हाताऱ्यांच्या मनात होतं.

"देवळाले देलं त ते घंटा बांधतीन," ते सभेत म्हणाले होते. "घंटा काय, कोनी वाजवली त वाजवली. मले तिच्या नावाचं असं काही पाह्यजे का रोज कोनीतरी वापरलं पाह्यजे. धूळ खात नाही पडलं पाह्यजे, सर. बस एवढंच."

कोणीतरी मागून ओरडलं, "व्यायामशाळा!" ओरडणारा कोण, ते मी अजून शोधतो आहे. आमच्या कॉलनीत व्यायाम ही गोष्ट कोणाच्या सात पिढ्यांत नाही. इथे एखादा माणूस सकाळी पळताना दिसला तर लोक दारात येऊन विचारतात, "कोण गेलं?" पण ठराव झाला. समाजमंदिरात यंत्रं ठेवायची, सोबत एखादं खेळाचं टेबल ठेवायचं, आणि चैत्रात पार्वताबाईंच्या पुण्यतिथीला उद्घाटन करायचं. हातात दोन महिने होते.

घरी आल्यावर मी प्राजक्ताला, म्हणजे माझ्या बायकोला, सगळं सांगितलं. ती गहू निवडत होती.

"मेथी आणायला पाठवलं तर बाजारातून तीनदा फोन करता," ती म्हणाली. "तुम्ही मशीन आणणार?"

"अभ्यास करून आणीन," मी म्हणालो. मी कनिष्ठ महाविद्यालयात भूगोल शिकवतो. अभ्यासाची मला सवय आहे.

"करा," ती म्हणाली आणि एक खडा बाजूला टाकला. तो खडा तिनं जरा जास्तच जोरात टाकला असं मला वाटलं.

अभ्यासाला सुरुवात केली आणि कळलं की आमच्या कॉलनीत माझ्याखेरीज प्रत्येकाचा या विषयाचा अभ्यास आधीच झालेला आहे. कॉलनीच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर सूचनांचा पूर आला. एकजण म्हणाला, सायकल घ्या, जागच्या जागी चालणारी. दुसरा म्हणाला, सायकलनं मूळव्याध होते. तिसऱ्याला मालिश करणारी खुर्ची हवी होती, आणि तोही व्यायामच आहे, फक्त तो खुर्ची करते, असं त्याचं म्हणणं होतं. वजनं उचलायचं यंत्र सुचवणाऱ्याला विचारलं की तुम्ही उचलणार का, तर त्याचं हर्नियाचं ऑपरेशन झालेलं निघालं.

खेळाच्या टेबलाचं तर विचारूच नका. कॅरम सर्वांत स्वस्त आणि सोपा. पण गेल्या गणपतीत कॅरमच्या राणीवरून दोन घरांचं बोलणं बंद झालं ते अजून बंदच आहे. काठीनं गोळे ढकलायचं ते पूलचं टेबल सुचवताच समोरचे सूर्यभान गुरुजी उभे राहिले. "त्यानं पोट्टे बिघडते," ते म्हणाले. सळईत वांग्यासारखी माणसं ओवलेली असतात आणि सळई फिरवली की ती लाथा मारतात, असा एक फुटबॉलही असतो म्हणे. तो मला मनातून फार आवडला होता. पण इतक्या गंभीर प्रसंगी तसं म्हणणं बरं दिसेना. शेवटी टेबल टेनिस ठरलं, कारण त्याला विरोध करायला कोणाकडे अनुभवच नव्हता.

सूर्यभान गुरुजी हे निवृत्त पीटीचे मास्तर. चाळीस वर्षं त्यांनी शिट्टी वाजवून मुलांना पळवलं आणि स्वतः झाडाखाली उभे राहिले. त्यामुळे ते या प्रकल्पाचे तज्ज्ञ झाले. "मशिनी फशिनी काही कामाच्या नाही," ते रोज सांगत. "दंड मारा, बैठका मारा." आणि मग दुसऱ्या श्वासात, "मशीन घ्यायचीच असन त अकोल्याले चला. माह्या साडूचं दुकान आहे."

आता अमरावती हे व्यायामासाठी देशभर नावाजलेलं गाव. तिथून व्यायामाचं सामान आणायला अकोल्याला जायचं म्हणजे शेंदूरजनाघाटच्या माणसानं संत्री आणायला मुंबईला जाण्यासारखं. पण साडू हा शब्द मधे आला की वऱ्हाडात भूगोल चालत नाही.

त्याआधी परवानगी हवी होती. समाजमंदिर आमचं असलं तरी कागदावर ते आमचं नाही. ज्या कार्यालयाचं आहे त्याचं नाव मी इथे लिहीत नाही. मला तिथे अजून जायचं आहे.

खिडकीतल्या बाबूंनी माझा अर्ज वाचला आणि बोट एका शब्दावर ठेवलं.

"हे ट्रेडमिल काय आहे?"

"पळायचं यंत्र."

"मिल लिहेल आहे." त्यांनी चष्मा काढला. "मिल म्हणजे गिरणी. समाजमंदिरात गिरणी चालत नाही. आवाज होते, पीठ उडते, लायसन लागते."

"गिरणी नाही हो. त्याच्यावर माणूस पळतो."

"पळून जाते कुठी?"

"कुठंच नाही."

त्यांनी माझ्याकडे बराच वेळ पाहिलं. "म्हणजे मशीन चालू, माणूस चालू, अन् जात कुठीच नाही."

"हो."

"अन् दळल्या काही जात नाही?"

"नाही."

"मंग तसं लिहून द्या."

मी लिहून दिलं. 'सदर यंत्रात कोणत्याही प्रकारचे धान्य, मिरची अथवा हळद दळली जाणार नाही, याची मी हमी देतो.' मिरची-हळद त्यांनी वाढवायला लावली. पंचवीस वर्षं शिक्षकी केली, विद्यार्थ्यांना मान ताठ ठेवायला शिकवलं, आणि शेवटी या वाक्याखाली सही केली. दुसऱ्या खेपेला त्यांनी टेबल टेनिसमधलं टेबल पकडलं. टेबल म्हणजे फर्निचर, फर्निचरचा अर्ज वेगळा, आणि त्या छापील अर्जात 'खणांची संख्या' असा रकाना होता. मी शून्य लिहिलं. "बिनखणाचं टेबल?" बाबू म्हणाले, "घेता कायले मंग?" या प्रश्नाचं उत्तर तेव्हा मला माहीत होतं. आता नाही.

तिसऱ्या खेपेला ना हरकत मिळाली आणि मी आणि गुरुजी अकोल्याला गेलो. मार्चमध्येच ऊन असं की मूर्तिजापूरपासून गुरुजींनी डोक्याला उपरणं बांधलं ते दुकानात शिरेपर्यंत सोडलं नाही.

साडू खुशालराव व्यायामाच्या बाकड्यावर बसून डबा खात होते. छातीवर वजनं उचलायचं ते बाकडं असतं ना, त्यावर. दांड्यावर त्यांनी टॉवेल वाळत घातला होता. त्यांच्या देहाकडे पाहून वाटलं की या दुकानातली एकही वस्तू त्यांनी कधी वापरलेली नसावी. हे मला आश्वासक वाटलं. मिठाईवाला मिठाई खात नाही तसंच.

"मोटर किती एचपीची पाह्यजे? दोन, अडीच, तीन?" त्यांनी हात धुऊन विचारलं.

"कॉलनीसाठी आहे," मी म्हणालो. शेतातल्या मोटारीखेरीज एचपी हा शब्द मी ऐकलेला नव्हता.

"तसं नाही. वजनावर राह्यते. तुमचं वजन किती?"

"मला एकट्याला नाही, सगळ्यांसाठी घ्यायची आहे."

"कॉलनीत तुमच्याहून जड कोनी आहे?"

गुरुजींनी डोळे मिटून एकेका घरात मनानं फेरी मारली. "नाही," ते म्हणाले. दुकानात तेव्हा आणखी दोन गिऱ्हाइकं होती. दोघांनीही वळून पाहिलं.

"मंग तीनचीच घ्या. अन् ट्रायल घ्या सर, लाजू नका."

मी लाजत नव्हतो, मी चपला घालून आलो होतो. तसाच चढलो. खुशालरावांनी एक लाल दोरी दिली. तिचा चिमटा अंगावरच्या कपड्याला लावायचा. माणूस मागे गेला की दोरी ओढली जाते आणि यंत्र थांबतं. मी तो शर्टाच्या खिशाला लावला. पट्टा हळूहळू सरकू लागला. छान वाटलं. घाटावरून उतरतो तसं. खुशालरावांनी वेग वाढवला. तेवढ्यात खिशातला फोन वाजला. प्राजक्ताचा होता. पंचवीस वर्षांच्या संसारात तिचा फोन न घेण्याची सवय मला लागलेली नाही. मी फोन घेतला, "बोल" म्हणालो, आणि पुढच्या क्षणी डंबेल्सच्या मांडणीपाशी आडवा होतो. शर्टाचा खिसा यंत्रावर लटकत होता.

"पाहा," खुशालराव गिऱ्हाइकांकडे वळून म्हणाले, "सेफ्टी किती पावरफुल आहे. माणूस पडला का मशीन बंद!"

फोनमधून प्राजक्ताचा आवाज येत होता, "अहो, मशीन घेतलं का?" मी जमिनीवरूनच म्हणालो, "घेतलं." एवढं झाल्यावर न घेता निघून जायला मला तोंड नव्हतं. टेबल टेनिसचं टेबल त्याच भरात घेतलं. अठरा मिलिमीटरचं की पंचवीस, असं विचारलं तेव्हा मी पंचवीस म्हणालो. आकडा मोठा असला की काम चांगलं होतं अशी आपली समजूत असते.

सामान आलं त्या दिवशी अख्खी कॉलनी जमली. मी आधी समाजमंदिर स्वतः मोजलं होतं, टेप लावून, वहीत आकृती काढून. ट्रेडमिल आत गेली. ती एकाच कोपऱ्यात राहू शकत होती, कारण जाड पिनेचा बोर्ड तिथेच होता. मग टेबलाचे दोन भाग आत नेऊन जोडले. टेबलाच्या एका बाजूला भिंतीपर्यंत जेमतेम माणूस उभा राहील एवढी जागा होती. दुसऱ्या बाजूला टेबलाच्या कडेला ट्रेडमिलचं मागचं टोक टेकत होतं.

"सर," गुरुजी म्हणाले, "खोली तुमी बाहेरून मोजली का काय?"

मी वही उघडली. भिंतींची जाडी, समोरचा ओटा आणि पायरी, सगळं आकृतीत होतं. दरवर्षी मी अकरावीच्या मुलांना नकाशाचं प्रमाण शिकवतो. त्यातली दोन मुलं तिथे उभी होती. त्यांनी एकमेकांकडे पाहिलं आणि फार सभ्यपणे बाहेर जाऊन हसली.

तोडगा गुरुजींनीच काढला. त्या बाजूच्या खेळाडूनं ट्रेडमिलवर उभं राहून खेळायचं. "बंद मशीनवर," ते म्हणाले. हे वेगळं सांगावं लागेल असं तेव्हा कोणाला वाटलं नव्हतं. आमच्या इंजिनिअर शेजाऱ्याला ते वेगळं सांगावं लागलं. पण त्याच्या दातांविषयी मी इथे बोलणार नाही. तो विषय आमच्या दोन कुटुंबांत मिटलेला आहे.

उद्घाटन झालं. भगवंतरावांनी पांढरं धोतर आणि नवी टोपी घातली होती. पार्वताबाईंचा हार घातलेला फोटो लावायला भिंतीत खिळा एकच, आणि तो नेमका ट्रेडमिलच्या समोर. त्यामुळे यंत्रावर जो चढेल तो पार्वताबाईंच्या डोळ्यात डोळे घालून पळेल अशी व्यवस्था झाली. नारळ फुटल्यावर प्रात्यक्षिक म्हणून मलाच चढवलं. बटण दाबलं आणि समाजमंदिराची लाइट गेली. वायरमननं पाहून सांगितलं, "पंखे बंद ठेवा, मंग चालते." म्हणजे पंखा हवा असेल तर पळता येणार नाही आणि पळायचं असेल तर पंखा मिळणार नाही. हे अमरावतीत, चैत्रात. तरी मी दोन मिनिटं पळालो. भगवंतरावांनी डोळे पुसले.

पहिल्या दिवशी वीस माणसं आली. त्यातली अठरा पाहायला आली होती. दुसऱ्या दिवशी सात आली. चौथ्या दिवशी सकाळी साडेसहाला मी सहज डोकावलो तर आत कोणीच नव्हतं. फक्त भगवंतराव होते. हातात काठी, प्लॅस्टिकच्या खुर्चीवर, ट्रेडमिलकडे तोंड करून एकटेच बसलेले. त्यांच्या गुडघ्यांचं दुखणं जुनं; दोन गल्ल्या ओलांडून यायला त्यांना वीस मिनिटं लागतात.

"या सर," त्यांचा चेहरा उजळला. "मी म्हटलं, कोनीतरी येईनच."

आता सांगा, मी काय करायला हवं होतं? मी दूध आणायला निघालो होतो. पिशवी खिडकीत ठेवली, पंखे बंद केले आणि यंत्रावर चढलो.

दुसऱ्या दिवशी ते पुन्हा आले होते. तिसऱ्याही. मी कॉलनीच्या ग्रुपवर पाळ्या लावल्या, सोमवार अमुक, मंगळवार तमुक. सर्वांनी अंगठे पाठवले. सोमवारी अमुक लग्नाला गेला. मंगळवारी तमुकची कंबर धरली. बुधवारी गुरुजी आले, भगवंतरावांशेजारी दुसरी खुर्ची घेऊन बसले आणि मला शिट्टी वाजवून दाखवू लागले. "गुडघे वर, सर! गुडघे वर!" गुरुवारी मी त्यांना घरी जाऊन हात जोडले की येऊ नका.

असा महिना गेला. वैशाख लागला. पंखा बंद, पत्र्याखाली भट्टी, समोर पार्वताबाई, बाजूला भगवंतराव, आणि मधे मी. रोज चाळीस मिनिटं. घामानं पट्टा ओला होई. मला पळण्याचा कंटाळा तर होताच, पण त्याहून वाईट म्हणजे म्हातारा इतक्या एकाग्रतेनं पाहायचा की थांबायची सोय नव्हती. मधून मधून त्यांचे डोळे मिटायचे. ते मिटले की मी दोन पाय बाजूच्या कडांवर ठेवून उभा राही आणि पट्टा खालून मोकळाच फिरे. डोळे उघडायच्या बेतात आले की पुन्हा आत उडी. परीक्षेत कॉपी करणाऱ्या मुलांना मी आयुष्यभर पकडलं. आता त्यांच्याविषयी मला जरा आदर वाटू लागला आहे.

"नका जाऊ उद्या," प्राजक्ता माझे तळपाय तेलानं चोळता चोळता म्हणे. "सरळ सांगा त्यांना."

"काय सांगू? तुमच्या बायकोच्या नावाची मशीन कोणाला नको आहे, हे सांगू?"

यावर ती गप्प बसे. माझ्या आयुष्यात मी तिला गप्प बसवलं असे हे दोन-तीनच प्रसंग, आणि त्यांचाही काही आनंद झाला नाही.

एक दिवस चष्मा विसरला म्हणून मी आठ वाजता परत गेलो. दारात भाजीची गाडी लागलेली. आत टेबल टेनिसच्या टेबलाभोवती बेबीताई आणि त्यांच्या तीन जावा उभ्या होत्या. बेबीताईंचा मळा वलगावकडे. आमच्या कॉलनीत त्या रोज भाजी विकतात. टेबलाच्या एका अर्ध्यावर मेथी, दुसऱ्या अर्ध्यावर गवार, मधल्या जाळीवर कोथिंबिरीच्या जुड्या वाळवायला टांगलेल्या. पंखे पूर्ण वेगात. चौघी कशावरून तरी पोट धरधरून हसत होत्या.

"बेबीताई! हे खेळायचं टेबल आहे," मी म्हणालो.

"हो त. खेळाले कोन येते?" त्या मेथीवरची नजर न काढता म्हणाल्या. "खाली बसून माह्यी कंबर जात होती, सर. हे बराबर कमरेच्या उंचीचं आहे. भलती सोय केली तुमी."

"भगवंतरावांनी पाहिलं तर काय वाटेल त्यांना?"

"काय वाटन? आमी चौघीजनी वापरून राह्यलो. तुमी त एकटेच."

मी चष्मा घेतला आणि निघालो. पंचवीस मिलिमीटरचं टेबल, तीन खेपांची ना हरकत, आणि त्यावर गवार. हे म्हाताऱ्याला कळू द्यायचं नाही असं मी ठरवलं. आता माझ्याकडे दोन गोष्टी लपवायला होत्या.

मेच्या दुसऱ्या आठवड्यात, मंगळवारी, टाच सुजलेली असताना मी गेलो. प्राजक्तानं दारात अडवलं होतं. "काका येऊन बसले असतील," एवढंच मी म्हणालो. ते बसलेच होते. मी पंखे बंद केले, चढलो, पळू लागलो. दहाव्या मिनिटाला त्यांची मान छातीवर आली. मी पाय कडांवर घेतले आणि श्वास सोडला. खालून पट्टा भरधाव जात होता.

"सर," भगवंतराव अचानक म्हणाले. त्यांचे डोळे मिटलेले नव्हतेच. खाली पाहत होते एवढंच.

मी घाबरून आत उडी मारली. सुजलेला पाय आधी पडला. पुढचं नीट आठवत नाही. टेबलाच्या कडेवर माझी बरगडी आदळली, घोट्यात काहीतरी करकरलं आणि मी फरशीवर बसलो. लाल दोरीनं या खेपेला खिसा ठेवला, यंत्र मात्र थांबवलं.

भगवंतराव काठी टेकत आले. मी नको नको म्हणत असताना एका हातानं टेबलाला धरून, कण्हत कण्हत, माझ्याशेजारी जमिनीवर बसले.

"लय लागलं का?"

"नाही, काका."

"खोटं बोलता." त्यांनी माझा घोटा हातात घेतला. कापसाची प्रत पाहावी तसा दाबून पाहिला. "सर, एक विचारू का? राग नका मानू. तुमी हे कायले करता?"

"म्हणजे?"

"मी महिन्यापासून पाहून राह्यलो. तुमाले हे आवडत नाही. मी जरा मान खाली घातली का तुमी कठड्यावर उभे राह्यता." त्यांनी काठी बाजूला ठेवली. "मले उठाले सकाळी अर्धा घंटा लागते. गुडघे असे दुखते का डोळ्यात पाणी येते. पोरगा फोनवर रोज रागावते, बाबा, कायले जाता? मी म्हणतो, गोवर्धन सर एकटेच पळते बिचारे. एवढ्या हौसेनं सामान आनलं, कॉलनीतलं कोनी फिरकलं नाही. मानसाले किती वाईट वाटत असन! कोनी पाहाले बसलं त जरा आधार राह्यते."

बरगडीत कळ येत होती.

"काका," मी म्हणालो, "मी तुमच्यासाठी पळतो."

"माह्यासाठी?"

"तुम्ही इथे येऊन बसता. यंत्र रिकामं दिसलं तर तुम्हाला... पार्वताबाईंच्या नावाचं आहे ना. म्हणून."

ते माझ्याकडे पाहत राहिले. मग त्यांच्या खांद्यांना हिसके बसू लागले. मला वाटलं रडतात. मी त्यांच्या पाठीवर हात ठेवला, तर ते हसत होते. आवाज न करता, तोंडातले उरलेले दात दाखवत, पार ठसका लागेपर्यंत. मलाही हसू आलं, पण बरगडीमुळे ते नीट हसता येईना.

"पार्वताले सांगाले पाह्यजे होतं हे," डोळे पुसत ते म्हणाले.

"हसल्या असत्या?"

"शिव्या देल्या असत्या मले. म्हणे असती, त्या मास्तराले मारता का तुमी?" त्यांनी टोपी काढून मांडीवर ठेवली. "तुमी गेल्यावर मी बसतो अर्धा घंटा. बेबीताई येते, तिच्या जावा येते. काय गोष्टी करते राजेहो! मले चहा देते. पार्वता असती त तठीच उभी राह्यली असती मेथी निवडत. मशीनवर कायले चढती ते? जन्मात कधी पळाली नाही."

म्हणजे तेही त्यांना ठाऊक होतं. महिनाभर मी जे जे लपवलं ते सगळं म्हाताऱ्यानं रोज चहासोबत पाहिलं होतं. मला संताप यायला हवा होता. पण त्यांनी माझा घोटा अजून हातात धरला होता आणि अंगठ्यानं हळूहळू चोळत होते.

"चला, उठा," थोड्या वेळानं ते म्हणाले. "घरी नेतो तुमाले."

मी उठायला गेलो. घोट्यानं साफ नकार दिला. मी परत बसलो. "तुम्ही उठा काका, कोणाला तरी बोलवा."

त्यांनी काठी टेकली, टेबलाची कड धरली, तोंड लाल होईपर्यंत जोर लावला आणि होते तिथेच राहिले. मी त्यांना खालून ढकललं. तेव्हा दोघंही थोडे सरकलो, पण वर कोणी गेलं नाही. माझा फोन खिडकीत, दुधाच्या पिशवीत होता. घड्याळात पावणेसात झाले होते. बेबीताईंना यायला अर्धा तास होता.

"पंखा तरी लावाले पाह्यजे होता," भगवंतराव म्हणाले.

पंख्याचं बटण आमच्या डोक्यावर चार फुटांवर होतं. आम्ही दोघांनी त्याच्याकडे पाहिलं.